भाऊरायाच्या ओव्या

मागच्या मार्चमध्ये, महिला दिनाच्या आसपास, फोनवर एक रील आलं. जात्यावर बसलेल्या बाईचा जुना फोटो, मागे कुणाच्या तरी आवाजात ओवी आणि वर ठळक अक्षरांत 'आपल्या आज्यांचा विद्रोह'. मी ते तिघांना फॉरवर्ड केलं आणि मग, नोकरीची सवय म्हणा, मूळ डेटा कुठे आहे ते शोधायला लागलो.

मूळ डेटा आहे आणि तो अवाढव्य आहे. गी पॉइतवाँ हे फ्रान्समधून १९७२ मध्ये पुण्यात येऊन इथलेच झालेले गृहस्थ. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, गरीब शेतकऱ्यांच्या संघटनेचं काम करता करता जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे ते काम महाराष्ट्रभर पसरलं. १ हजाराहून जास्त गावं, ३ हजारांहून जास्त बाया, १ लाखाहून जास्त ओव्या. नंतर बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले. हा माणूस संगीत आणि कम्प्युटर यांच्या सीमेवर काम करणारा. तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाचं सॉफ्टवेअर त्यानं १९८०च्या दशकातच लिहिलेलं. त्यांनी ध्वनिमुद्रणं केली, डेटाबेस उभा केला. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. हा सगळा ठेवा आता पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर आहे. मराठीत आहे, फुकट आहे आणि कानाला हेडफोन लावून लोकलमध्ये ऐकता येतो.

प्रत्येक ओवीला गायिकेचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. विषयांचं झाड आहे, फांदीला फांद्या फुटत जाणारं. ज्यानं कुणी आयुष्यात एकदा तरी वर्गीकरणाची स्कीमा लिहिलीय त्याला हे बघून टोपी काढावीशी वाटेल.

माझी चूक अशी की मी ओव्या वाचल्याच नाहीत, मी त्यांत सर्च केला. नवरा, दारू, मार, सवत, सासू. मला रीलमधला विद्रोह हवा होता. तो सापडतोही. सीतेच्या ओव्या भरपूर आहेत आणि त्यांतल्या रामाला देव म्हणून काही सूट मिळत नाही. तो बायको टाकलेला नवरा आहे आणि कैकेयी ही सासू आहे. जे स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलता येत नाही ते सीतेच्या नावावर खपतं.

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या सीतेच्या ओव्या तर प्रत्येकानं एकदा ऐकायला हव्यात. मी 'ऐका' म्हणतोय, 'वाचा' नाही. ओवी कागदावर दोन ओळींची असते, स्क्रीनवर ती एका नजरेत संपते. गाताना मात्र बाई त्या दोन ओळी हव्या तशा लांबवते. अर्धी ओळ परत घेते, मध्ये 'गं' घालते, 'बाई' घालते, एखाद्या शब्दावर थांबून राहते. चालीला या बाया 'गळा' म्हणतात. एक ओवी वेगवेगळ्या गळ्यांवर जाते आणि दर वेळी तिचं वजन बदलतं. गंगूबाईंच्या आवाजात दुःख आहे, पण कीव मागणं नाही. रानातल्या सीतेबद्दल त्या अशा सांगतात की जणू ती शेजारच्या आळीतली आहे आणि सकाळीच भेटली होती.

इथपर्यंत माझं बरं चाललं होतं. अडचण उरलेल्या ओव्यांची होती. त्या उरलेल्यांत भाऊ, भाऊ आणि भाऊच. भाऊराया आला, भाऊरायाचा रुबाब, त्याची बैलजोडी, त्यानं आणलेली चोळी. त्यातून सुटलो तर लाडका लेक. मला कंटाळा आला. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. इतक्या बाया, इतक्या पहाटा, आणि स्वतःबद्दल बोलायची एकुलती एक जागा मिळाली तिथे पुन्हा पुरुषांचंच कौतुक? मी नोट्समध्ये 'पुनरावृत्ती फार' असं लिहून ठेवलं आणि फाइल बंद केली.

ती उघडली आजीमुळे. आजी ८१ वर्षांची आहे. गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, पाऊस चुकवून जातो त्या पट्ट्यातलं. दिवाळीत गेलो होतो तेव्हा तिला म्हटलं, "आजी, जात्यावरची गाणी म्हण ना."

"मला कुठं गाणी येत्यात? गाणी साळंतल्या पोरी म्हनत्यात."

"मग जात्यावर काय म्हणायचीस?"

"ती काय गाणी व्हय? ती ववी. दळताना म्हनायची."

"आता म्हण की."

"दळण कुठंय?"

तिनं हे विनोद म्हणून विचारलं नव्हतं. घरातलं जातं पडवीच्या कोपऱ्यात आहे, लग्नात हळद दळण्यापुरतं निघतं. टाकी लावून वर्षं झाली असतील. गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसता येत नाही. मी नाद सोडला. रात्री ती खाटेवर पडली होती, आणि अंधारात बघतो तर उजवा हात गोधडीवर गोल फिरतोय. मग आवाज आला. मी फोन उशीजवळ सरकवला.

तीही भावाच्याच ओव्या म्हणत होती. एकामागून एक.

आता आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणी न बोललेली गोष्ट सांगतो. आजीचे वडील वारल्यावर भावानं तिचा हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला. आजीचा अंगठा त्याच्या बराच आधीचा. तेव्हा तिला जो काही थोडा वाटा मिळू शकत होता, तोही तिनं भावाला सोडला. सगळ्या बहिणी सोडतात तसा. त्या बदल्यात माहेर मिळतं, निदान तसा समज असतो. पहिली काही वर्षं तो भाऊबीजेला न्यायला आला. मग येईनासा झाला. पुढं तिचं माहेर म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारा एक फाटा, एवढंच उरलं.

सकाळी तिला विचारलं, "तो तर येत नव्हता. मग त्याच्या एवढ्या ओव्या कशाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येत असता तर कशाला म्हनली असती?"

पुण्याला परत आलो आणि 'पुनरावृत्ती फार' असलेली फाइल पुन्हा काढली. या वेळी ओव्या वाचल्या, त्याहून जास्त ऐकल्या. कौतुक वाटत होतं ते बऱ्याच ठिकाणी मागणं होतं. 'माझा भाऊ मला न्यायला येतो' हे वाक्य बातमीसारखं दिसतं, पण पुष्कळदा ते बजावणं असतं. तू यायचं आहेस, ठरलंय तसं. जमीन सोडलेल्या बाईकडे त्या व्यवहाराचा कागद नसतो, कागद भावाकडे असतो. तिच्याकडे तोंडी प्रत असते आणि ती रोज पहाटे म्हणून ठेवावी लागते. चोळी-बांगडी हा शब्द आपण किती सहज वापरतो. ओव्यांत ती चोळी पुन्हा पुन्हा येते, कारण एकरांच्या बदल्यात तेवढीच येणं बाकी आहे.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली, कारण मी फ्लॅटमध्ये वाढलो. जातं घरातच असायचं आणि दळण पहाटे, घर झोपलेलं असताना. म्हणजे घर झोपलेलं आहे असं धरून. पलीकडे सासू जागीच असते. ओवी जात्याला सांगितली जाते, जात्याला देव म्हणतात, माय म्हणतात, पण ऐकू सगळ्यांना जाते. सासूसमोर वर मान न करणारी सून रोज तासभर मोठ्या आवाजात सांगतेय की तिच्या पाठीशी एक धट्टाकट्टा भाऊ आहे, तो रुबाबदार आहे, तो कधीही दारात उभा राहू शकतो. यावर सासू काय बोलणार? ओवीच तर म्हणतेय बिचारी, आणि दळणही होतंय. मला हे फार हुशारीचं वाटतं. भाऊ प्रत्यक्षात येतो की नाही हा प्रश्न इथे दुय्यम ठरतो.

त्या सुंदर वर्गीकरणात हे मावत नाही. ओवी कुणाबद्दल आहे याला जागा आहे, ती कुणाच्या कानावर पडावी म्हणून म्हटली याला रकाना करणार तरी कसा? हा गी आणि हेमाताईंचा दोष नव्हे. ते वर्षानुवर्षं त्या बायांमध्ये बसले, रकान्याबाहेरचं त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त दिसत असणार. दोष माझ्यासारख्याचा, जो झाडाच्या फांद्या मोजतो आणि झाड बघितलं म्हणतो.

म्हणून आता 'विद्रोह' लिहिणारी रीलं खोडून 'मुत्सद्देगिरी' लिहावं, असंही मला म्हणायचं नाही. ओव्यांत खुपणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या गोड मानून घेऊ नयेत. भाऊ आला नाही तर दोष बहुतेक वेळा भावजयीवर जातो. भाऊ भोळा, ती कावेबाज. म्हणजे एक परघरची बाई दुसऱ्या परघरच्या बाईवर बिल फाडते आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे तो सुटतो. मुलीच्या जन्माला नावं ठेवणाऱ्या ओव्या मुलींच्या आयाच म्हणतात. गाण्यामुळे बाईला बळ येतं हे खरं, पण त्या बळाचा रोख दर वेळी योग्य माणसावर असतो असं नाही.

तरी हा साचा वाकवता येतो, आणि तो कसा वाकला ते बघायचं तर बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरला जावं लागतं. तिथल्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या 'पारी'वर आहेत. दलित बायांच्या या ओव्यांत आंबेडकर पुढारी म्हणून येत नाहीत, नात्यातला माणूस म्हणून येतात. शेकडो वर्षं ओवीत जी जागा भावानं अडवली होती, जिथून आधार यायचा, जिथून कुणीतरी न्यायला यायचं, त्या जागेवर या बायांनी स्वतःच्या हातानं बाबासाहेबांना बसवलं. गळा जुना, जातं जुनं, मागणं मात्र चोळी-बांगडीवर थांबत नाही. मला विचाराल तर अख्ख्या संग्रहातली सगळ्यात धीट चाल हीच. आणि ती माझ्या सर्चमध्ये कधीच आली नसती, कारण तिच्यात नवरा, दारू, सासू यांतलं काहीच नाही.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत घरात सोपानदेव होते, बाहेर आचार्य अत्रे होते, म्हणून १९५२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तक निघालं आणि आपल्याला एक कवयित्री मिळाली. या ३ हजार बायांचं पुस्तक तसं निघणार नाही. त्यांच्या ओव्या कुणा एकीच्या नसतातच. आईकडून आलेली, नणंदेकडून उचललेली, मधला एक शब्द बदललेला. पण नाव आहे, गाव आहे, काहींचा आवाजही आहे. आजीचा फक्त माझ्या फोनमध्ये आहे.

ते रेकॉर्डिंग ११ मिनिटांचं आहे. पंख्याचा आवाज आहे, मध्येच कुत्रं भुंकतं आणि पूर्ण वेळ गोधडीवर हात फिरल्याची घासघास आहे. आठव्या मिनिटाला ती भावाचं खरं नाव घेते, ओवीत व्यवस्थित बसवून. शेवटी हात थांबतो. थोडा वेळ काहीच नाही. मग ती कुणाला तरी, बहुधा मलाच, सांगते, "झालं दळण. झोप आता."