गाळलेला चरण

गेल्या आषाढीच्या सुमारास एका भरगच्च सभागृहात तुकोबांच्या स्वप्नाचा अभंग ऐकला आणि मध्यंतराला मी उठून घरी आलो. गाणाऱ्याचा गळा तयार होता, सूर पक्का होता. पण स्वप्नात भेटलेल्या गुरू बाबाजींनी मस्तकावर हात ठेवला त्या चरणाला लय दुप्पट झाली, पखवाजाच्या जोडीला ढोल आले, मागच्या पडद्यावर सोनेरी किरणे फुटली आणि निवेदकाने टाळ्या मागितल्या. भोजनासाठी पावशेर तूप मागितल्याचा चरण मात्र गाळला होता.

त्या चरणासाठी मी हे लिहीत आहे. गुरू स्वप्नात भेटतो, परंपरा सांगतो, मंत्र देतो, आणि त्याने मागितलेले एवढेसे तूप शिष्याला स्वप्नात आठवत नाही. तुकोबांनी माघ शुद्ध दशमीचा गुरुवार जसा नोंदवला, तशी ही चूकही नोंदवली. कृपा पदरात पडली आणि देणे राहून गेले, ही दोन्ही सत्ये त्या अभंगात शेजारी बसली आहेत. एक उचलून दुसरे टाकले की उरतो तो नुसता चमत्कार.

अभंग मंचावर आला याचे मला दुःख नाही. श्रीनिवास खळे आणि राम फाटक यांच्या चाली, भीमसेन जोशींची संतवाणी, हृदयनाथांनी बांधलेल्या आणि लताबाईंनी गायलेल्या ज्ञानेश्वरांच्या विरहिणी यांच्यावर माझा कान घडला. त्या विरहिणींत भेटीची आस शेवटपर्यंत आसच राहते. चाल तिला खोटे समाधान देत नाही. आज मंचावर जे चालते त्यात हाच संयम सुटला आहे. फ्यूजनवाल्यांना अभंगातून ठेका हवा असतो, शब्द नको असतात. संतचरित्रांवरच्या नृत्यनाट्यांत मला अभंग सापडलेला नाही.

तो सापडतो सप्ताहातल्या कीर्तनात. मराठवाड्यातल्या एका गावी संत बहिणाबाईंच्या स्वप्नावरचे निरूपण ऐकले, ते अजून कानात आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडलेली ही पोर; तुकोबांना तिने कधी पाहिलेले नाही, आणि तेच स्वप्नात येऊन तिला उपदेश करतात. कीर्तनकार तिथे रमले नाहीत. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याने तिला मारले, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. मागच्या टाळकऱ्यांनी चाल धरली ती खालच्या सुरात. एकच चरण ते घोळवत राहिले. दर खेपेला त्यातला वेगळा शब्द जड होत गेला. मग मृदंग थांबला, टाळ थांबले, वीणेची तार तेवढी वाजत राहिली. मंडपातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. त्यानंतर ध्रुपद आले तेव्हा ते जाग आलेल्या माणसाचे वाटले.

ही जाग हाच संतांच्या स्वप्नकवितेचा कणा आहे. तमिळ संतकवयित्री आंडाळचे ‘वारणम् आयिरम्’ आजही तिकडच्या वैष्णव लग्नांत गातात. हजार हत्तींच्या लवाजम्यासह नारायण येतो, मांडव सजतो, पाणिग्रहण होते. पण स्वप्नाच्या दहाही पाशुरांच्या, म्हणजे पदांच्या, शेवटी ती सखीला सांगते, हे मी स्वप्नात पाहिले. सोहळा जितका रंगतो तितके हे सांगणे जिव्हारी लागते. ते वगळले तर उरेल लग्नाचे वर्णन. आंडाळ उरणार नाही.

म्हणून मी भांडतो आहे. ईश्वराशी एकरूप होणे म्हणजे लयीचा कळस, हे समीकरण आमच्या मंचाने रुजवले आणि आम्ही श्रोत्यांनी टाळ्या देऊन ते पक्के केले. संतांच्या स्वप्नांत तसे घडत नाही. नामदेव पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले ते काम सांगायला: शतकोटी अभंगांचा राहिलेला संकल्प तू पुरा कर. बहिणाबाईंना स्वप्नाने मार आणि देहूची वाट दिली. या स्वप्नांतून कोणी सुखाच्या गुंगीत उठले नाही. प्रत्येकजण काहीतरी अंगावर घेऊन उठला. तेच ओझे गाळून जो अभंग गातो, त्याला आवाज असेल, तालीम असेल, पण त्याने अभंग गायला असे मी म्हणणार नाही. श्रोत्यांना कंटाळा येतो ही सबब मला मान्य नाही. मराठवाड्यातला तो कीर्तनाचा मंडप रात्री उशिरापर्यंत जागचा हलला नव्हता.

गाणाऱ्यांना माझे एवढेच मागणे आहे. पुढच्या वेळी तो अभंग घ्याल तेव्हा पावशेर तुपाचा चरण म्हणा, ठाय लयीत म्हणा, आणि त्यानंतर क्षणभर कोणतेही वाद्य वाजू देऊ नका. जे राहून गेल्याचे तुकोबांनी अभंगात नोंदवून ठेवले, ते तूप ऐकणाऱ्यालाही आठवू द्या.