अंधारातली मावशीआजी

रेचल कार्सनचं ‘द सेन्स ऑफ वंडर’ हातात घेतलं की आधी फोटो दिसतात. १९६५ साली, कार्सन गेल्यानंतर वर्षभराने, हे पुस्तक निघालं तेव्हा त्यात चार्ल्स प्रॅट आणि इतरांनी काढलेली छायाचित्रं होती. किनारा, खडक, पानं, पाणी. फोटो चांगले आहेत. पण त्यांच्यामुळे एक घोटाळा झालाय. मुलांना निसर्गाच्या जवळ नेऊ पाहणाऱ्या आईबाबांना भेट द्यायचं पुस्तक म्हणून ते कपाटात जाऊन बसतं, आणि आतला मजकूर, जो तासाभरात वाचून होतो, तो राहूनच जातो.

मजकूर वाचला की जाणवतं, यातले सर्वांत चांगले प्रसंग फोटोत मावणारेच नाहीत. ते अंधारात घडतात. सुरुवातच बघा. वादळी पावसाची रात्र, वीस महिन्यांचा रॉजर, त्याला पांघरुणात गुंडाळून समुद्रावर घेऊन गेलेली कार्सन. लाटा नीट दिसत नाहीत, फेसाचे पांढरे आकार तेवढे दिसतात, बाकी सगळा आवाज. दोघं हसत सुटतात. पुढे एका रात्री टॉर्च घेऊन ते वाळूतले पांढुरके खेकडे शोधायला जातात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला बिळाकडे तिरपे पळतात ना, त्यांचेच हे भाऊबंद. मग खाडीपलीकडे मावळणारा चंद्र, तोही घरातले दिवे बंद करून, खिडकीपाशी, मुलाला मांडीवर घेऊन पाहिलेला. आणि बागेत रात्री घंटी किणकिणावी तसा आवाज करणारा एक किडा. टॉर्च घेऊन कार्सन त्याला शोधत हिंडली, तो तिला कधीच सापडला नाही, आणि त्याचं तिला फारसं दुःखही नाही.

माणूस जग मुख्यतः डोळ्यांनी गोळा करतो, म्हणून कान, नाक आणि बोटं यांना मुद्दाम संधी द्यायला हवी, असं ती सांगते. तिच्या लेखनाची चाल हेच करते. उजेड काढून घेतला की बाकीची इंद्रियं जागी होतात. पावसातल्या रानाचा परिच्छेद दिवसाचा आहे, पण तिथेही डोळ्यांपेक्षा पायांचं काम जास्त. उन्हाळ्यात पायाखाली कुरकुरणारं दगडफूल (गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे याचाच एक नातलग) पाणी पिऊन स्पंजासारखं मऊ झालंय, आणि रॉजर गुडघे टेकून ते चाचपतो, मग एका गादीवरून दुसऱ्या गादीवर उड्या मारतो. या परिच्छेदासाठी मी हे पुस्तक कुणालाही देईन.

पण एक वाद घालायचा आहे. कार्सनचा या पुस्तकातला सर्वांत गाजलेला विचार असा, की मुलासाठी माहितीपेक्षा अनुभूती मोठी. ‘आम्हाला झाडापक्ष्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत, आम्ही काय दाखवणार’ म्हणणाऱ्या पालकांना त्याने धीर येतो. मलाही आला होता. मात्र हे सांगणारी बाई सागरी जीवशास्त्रज्ञ आहे. ‘द सी अराउंड अस’ आणि ‘द एज ऑफ द सी’ लिहून झाल्यावर ती हे लिहिते आहे. रात्री वाळूत कुठे, कशासाठी टॉर्च मारायचा हे तिला आधीच माहीत आहे. तिच्या वाक्यांत शंखशिंपल्यांची नावं ठासून भरली आहेत, आणि दीड वर्षाचा रॉजर त्यांतली काही बोबड्या बोलीत म्हणायलाही लागला, हे ती कौतुकाने नोंदवते; मी शिकवली नाहीत, असंही म्हणते. शिकवली नसतील, पण तिच्या तोंडी ती होती. अनुभूती आणि माहिती यांची फारकत ती विचारात करते, लिहिताना तिला ती करता येत नाही. लेख तगला आहे तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट खुपेल. या लेखातलं मूल समुद्रावर न्यावं लागतं. कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे नेमकी उलटी अडचण होती. आदिवासी मुलं दिवसभर गुरांमागे रानातच असायची, ओली व्हायची, किड्यांचे आवाज त्यांना पाठ होते. शाळेलाच उठून कुरणात जावं लागलं. तिथल्या मुलाला ‘पाऊस अनुभव’ असं सांगणं हास्यास्पद झालं असतं. इंद्रियं उघडण्याची कळकळ ही ज्यांच्या घरात ती बंद झाली आहेत त्यांची आहे. आमच्या घरात झाली आहेत. गेल्या जुलैत भाच्याला शाळेतून पावसाळ्यावरचा तक्ता भरायला मिळाला: पाच इंद्रियं, पाच चौकोन. बाहेर धो धो कोसळत होतं, आणि सर्दी होईल म्हणून खिडक्या लावून आम्ही दोघांनी तो टेबलावर बसून भरला. ‘स्पर्श’च्या चौकोनात त्याने ‘ओला’ असं लिहिलं. खिडक्या मीच लावल्या होत्या.

म्हणूनच या लेखातली झोपमोड मला महत्त्वाची वाटते. चंद्र बघण्यात मुलाची झोप बुडते, पावसात कपडे भिजतात, आणि कार्सन हा हिशेब उघडपणे मांडून झोपेवर पाणी सोडते. तिला ते परवडत होतं. लेख पहिल्यांदा छापून आला जुलै १९५६ मध्ये, ‘वुमन्स होम कंपॅनियन’ या मासिकात. लेखात ती रॉजरला भाचा म्हणते, पण तो तिच्या भाचीचा, मार्जरीचा मुलगा. आपल्याकडे तिला मावशीआजी म्हटलं असतं. मावशीआजीने एखाद्या रात्री मुलाला जागवलं तर घराचं काही बिघडत नाही. सकाळी त्याला उठवणारं दुसरं कुणीतरी असतं.

१९५७ साली मार्जरी वारली. पाच वर्षांच्या रॉजरला कार्सनने दत्तक घेतलं. तेव्हा ती पन्नाशीला आली होती, घरात म्हातारी आई होती, ती पुढच्या वर्षी गेली. मग कीटकनाशकांवरचं काम, १९६० मध्ये कर्करोगाचं निदान, १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ आणि त्यावरचा गदारोळ. एप्रिल १९६४ मध्ये ती गेली. हा छोटा लेख वाढवून त्याचं मोठं पुस्तक करायचं तिच्या मनात होतं. ते राहून गेलं.

न लिहिलेल्या त्या पुस्तकात काय असतं याचा मी बराच विचार केलाय. सकाळी मुलाला उठवायची जबाबदारी आता तिच्यावरच होती. अशा बाईने चंद्रासाठी झोप बुडवण्याबद्दल काय लिहिलं असतं? १९५६चा लेख तिथवर पोचत नाही. तो सुट्टीतल्या माणसाचा लेख आहे, आणि त्यातला आनंद खरा आहे. पण दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या रात्री मी तो पुन्हा काढून वाचते, तेव्हा मला त्या दुसऱ्या पुस्तकाची फार गरज असते.