सशाच्या कानावर मिळालेले गुण

नववी-दहावीच्या मुलींच्या हाती हल्ली एक तक्ता दिसतो. सौंदर्यप्रसाधनांतील घटकांना त्यात शून्य ते पाच गुण दिलेले असतात. खोबरेल तेलाला चार, आयसोप्रोपिल मायरिस्टेटला पाच. गुण जितके जास्त तितके मुरुम अधिक, असा अर्थ मुली लावतात. हे गुण कोणत्या परीक्षेत मिळाले, हे मात्र तक्ता सांगत नाही.

यातील बरेचसे गुण मिळाले ते सशाच्या कानावर. क्लोरीनयुक्त रसायनांमुळे कामगारांना होणाऱ्या मुरुमांच्या अभ्यासासाठी ही चाचणी १९४०च्या दशकात वापरात होती. १९७२ साली अमेरिकेतील क्लिगमन आणि मिल्स यांनी ती प्रसाधनांना लावली. कानाच्या आतल्या बाजूस पदार्थ काही आठवडे लावायचा आणि केसांच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या तोंडाशी केराटिनचे बूच बसते का, ते पाहायचे. हे बूच म्हणजे कॉमेडो, मुरुमाची पहिली पायरी. प्रौढ स्त्रियांच्या चिवट पुटकुळ्यांमागे त्यांचे क्रीमही असू शकते, याकडे या कामाने लक्ष वेधले. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

आक्षेप आहे तो पुढच्या उडीला. सशाचा कान आपल्या गालापेक्षा कितीतरी संवेदनशील असतो. शिवाय तक्ता सुट्या घटकाचा आणि डबीत असते मिश्रण. २००६ साली ड्रेलॉस आणि डिनार्डो यांनी 'दोषी' घटक असलेली तयार प्रसाधने माणसांच्या पाठीवर तपासली, तेव्हा त्यांनी कॉमेडो होतातच असे आढळले नाही. (तिथेही माणसे मोजकीच होती, आणि पाठ म्हणजे चेहरा नव्हे.)

डबीवरच्या 'नॉन-कॉमेडोजेनिक' या शब्दाचेही तसेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची कायदेशीर व्याख्या केलेली नाही. चाचणी कोणती, किती जणांवर, हे उत्पादक सांगत नसेल तर ते नुसते आश्वासन. निवड करताना त्याचा थोडाफार उपयोग होतो, इतकेच. खरी चाचणी स्वतःच्या त्वचेवर, आणि इथे प्रयोगाचा आपला नेहमीचा नियम लागू पडतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवे प्रसाधन जबड्याच्या कडेला थोड्याच जागी लावून पाहावे. बूच तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत काही झाले नाही याला अर्थ नाही. झोपण्यापूर्वी ते धुवावे, पण खसाखसा घासू नये. स्नेहसंमेलनात एकच स्पंज आणि एकच काजळकांडी वीस जणांना फिरते, तेही थांबवायला हवे.

तक्त्यात ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट अधिक घातक आहे: गोरेपणासाठी वा मुरुमांवर म्हणून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे. पहिल्या काही दिवसांत चेहरा नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते आणि मुरुम वाढतात. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर केंद्र सरकारने २०१८ साली निर्बंध आणले. वर्गातली एखादी मुलगी असे मलम लावत असेल, तर ते एकाएकी बंद करायला सांगू नये, कारण त्यानेही चेहरा उसळून येतो. ट्यूब सोबत देऊन तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.