गव्हाणीतला देव आणि मराठी ओवी

चुडाव्याकडच्या वाचकाला गव्हाण काय असते ते सांगायची गरज नाही. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशू गव्हाणीतच निजलाय. बर्फ, घसरगाडी त्यात कुठंच नाही. २५ डिसेंबर ही तारीखसुद्धा नाही. मग नाताळ परका का वाटतो? शब्द पोर्तुगीज आहे खरा, पण अर्थ साधा: जन्म.

मी ज्यावर काम करतोय ते फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण'. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेजुइटानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. १६१६ मध्ये ती रोमन लिपीत छापली गेली. ओवी म्हणजे ज्ञानेश्वरांचा छंद, आणि आपल्या बायांचा जात्यावरचाही.

आता खरा प्रश्न. ज्या राजवटीनं देवळं पाडली तिच्या आश्रयानं आलेली ही ओवी आपुलकीची की धर्मांतराचा डावपेच? मला वाटतं, दोन्ही. कवीचं मराठीवरचं प्रेम खरं. जुनी पुराणं सुटलेल्यांच्या हाती नवं पुराण द्यायचं होतं, हेही खरं.

पण पुढं बघा. १६८४ मध्ये त्याच सरकारनं स्थानिक भाषेवर बंदी घातली. मूळ छापील प्रत आज एकही सापडत नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हातानं उतरवून ठेवला म्हणून. तशा प्रतींवरूनच १९०७ साली तो मंगळुरात पुन्हा छापला गेला. नुसता डावपेच कुणी इतकं जिवापाड जपत नाही.

देव माणसाच्या घरात उतरला, हा नाताळचा ख्रिस्ती अर्थ. घरात उतरायचं तर घरची बोली यायलाच हवी ना?