‘साइन’ : मागे आणि मागून

वर्ष सरताना मध्यरात्री ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गीताची चाल आपल्या कानी पडते. त्याचा अर्थ विचारला, तर ‘गेले ते रम्य दिवस’ असे उत्तर मिळते. हा अर्थ चुकीचा नव्हे. परंतु तो अपुरा आहे, आणि त्यामुळे एका थोर गीताचा केवळ उसासा होऊन बसला आहे.

‘साइन’ हे स्कॉट्स भाषेतील जुने कालवाचक क्रियाविशेषण होय. ‘त्यानंतर’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी ‘सिथ्थन’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. इंग्रजीतील ‘सिन्स’ त्याच कुळातला आणि जर्मन ‘झाइट’ हा त्याचा दूरचा आप्त. ‘लँग साइन’ म्हणजे ‘फार पूर्वी’. मात्र हाच शब्द दुसऱ्या वाक्यात ‘मग, त्यानंतर’ असाही अर्थ देतो. आपल्या मराठीत ‘मागे’ म्हणजे गतकाळी आणि ‘मागून’ म्हणजे नंतर. स्कॉट्समध्ये ही दोन्ही कामे एकच शब्द करतो.

रॉबर्ट बर्न्सने 1788 मध्ये हे गीत लिहून पाठविले. ते छापले गेले 1796 मध्ये, त्याच्या निधनानंतर. आपण ते एका वृद्धाच्या तोंडून ऐकले, असे तो सांगे. ‘ऑल्ड लँग साइन’ हे शब्द त्याच्याही आधी ॲलन रॅमझीने वापरले होते. परंतु डोंगरउतारावर फुले वेचणारे, ओढ्यात खेळणारे आणि पुढे समुद्रांनी दुरावलेले दोन सवंगडी ज्या कडव्यांत भेटतात, ती अभ्यासक बर्न्सचीच मानतात. गीताचे सामर्थ्य तेथेच आहे. त्याचा आरंभ विधानाने होत नाही, प्रश्नाने होतो : जुने स्नेही विसरावेत काय? आणि शेवटाकडे येताना एक मित्र दुसऱ्यापुढे हात करतो. गतकाळाचे स्मरण येथे पुढील कृतीसाठी आहे.

रवींद्रनाथ ठाकूरांनी हे मर्म नेमके ओळखले. या चालीवर रचलेल्या आपल्या बंगाली गीतात त्यांनी तो प्रश्नही राखला आणि सख्याला पुन्हा एकवार येण्याचे निमंत्रणही दिले.

तेव्हा वाचकहो, ही चाल पुन्हा कानी पडेल तेव्हा केवळ हळहळू नये. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे खुंटले आहे, असा कोणी जुना सोबती त्या घोळक्यात उभा असेल. ‘मागे’ काय झाले ते दोघांनाही ठाऊक असते. ‘मागून’ काय व्हायचे, ते मात्र पुढे केलेल्या हातावर अवलंबून असते.