मूळ टेप आणि तिच्यावरचा हात

हार्ड बॉप या जॅझच्या प्रकारातल्या जुन्या रेकॉर्डी आज जितक्या सुस्पष्ट ऐकू येतात, तितक्या त्या निघाल्या तेव्हाही फारशा कुणाच्या घरात ऐकू आल्या नसतील. १९५५ ते १९६५ या दहाएक वर्षांत न्यूयॉर्क आणि शेजारच्या न्यू जर्सीत हे संगीत घडलं. आधीच्या बीबॉप जॅझची चपळाई होतीच, तिच्यात ब्लूजचा आणि चर्चमधल्या गाण्याचा रांगडेपणा येऊन मिसळला. होरेस सिल्व्हर, सॉनी क्लार्क, बॉबी टिमन्स, विन्टन केली, रेड गार्लंड, होरेस पार्लन हे त्यातले बिनीचे पियानोवादक. त्यांचे अल्बम गेल्या दहा-पंधरा वर्षांत चोवीस बिटांच्या फाइली होऊन पुन्हा आले आहेत, आणि मढसारख्या मुंबईच्या पार टोकाला राहणाऱ्या श्रोत्यालाही ते महिन्याच्या वर्गणीत मिळतात. यात आनंद मानण्यासारखं पुष्कळ आहे. पण या साऱ्या उद्योगात आकड्यांचा गाजावाजा फार होतो. ज्या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं, म्हणजे मूळ टेप कोणती वापरली आणि ती कुणाच्या हाती दिली, त्यांच्याबद्दल मात्र श्रोत्याला क्वचितच काही सांगितलं जातं.

आधी आकड्यांचं बघू. सीडीवर एका सेकंदात ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. हाय-रेझोल्यूशन म्हणून विकल्या जाणाऱ्या फाइलीत हेच प्रमाण ९६,००० किंवा १,९२,००० नमुने आणि २४ बिट असं असतं. सीडीत साधारण २२ हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. तरुण कानाची मर्यादा २० हजारांच्या आसपास, आणि वय वाढतं तशी ती झपाट्याने खाली येते. १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला बसतो. १९५८ सालच्या टेपचा पल्ला याहून बराच कमी, कारण तिची स्वतःची सरसर खाली कायम चालू असते. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी घेतलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि तोच सीडीच्या प्रमाणात उतरवलेला ध्वनी वेगळे ओळखता आले नाहीत. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. ओळखण्याचं प्रमाण निघालं ५२ टक्क्यांच्या थोडं वर. नाणं उडवूनही ५० टक्के मिळतातच.

तरीही नवी आवृत्ती जुन्या सीडीपेक्षा चांगली वाजते, असा अनुभव अनेकांना येतो आणि तो खरा असतो. बहुतेक वेळा त्याचं कारण इतकंच असतं की नव्या आवृत्तीसाठी कुणीतरी मूळ टेप पुन्हा बाहेर काढली, यंत्राचं हेड तिच्याशी नीट जुळवलं आणि ध्वनी दाबून मोठा करण्याचा मोह टाळला. हीच मेहनत सीडीवर उतरवली, तरी ती तितकीच चांगली वाजेल.

या कामाची खरी कसोटी पियानोवर लागते. हातोडी तारेवर पडते तो क्षण तीक्ष्ण असतो, आणि मग स्वर कितीतरी वेळ विरत राहतो. यंत्राचा वेग जरा जरी डळमळला, तरी सॅक्सोफोनमध्ये तो खपून जातो, कारण वादकाचा श्वासच स्वराला हलवत असतो. पियानोचा विरणारा स्वर थरथरला की मात्र लगेच खटकतं. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची हकिगत प्रसिद्ध आहे. २ मार्च १९५९ च्या बैठकीत मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डीच्या पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना घरोघरी मूळ पट्टीपेक्षा चढ्या वाजत राहिल्या. विन्टन केली ज्यात वाजवतो ती ‘फ्रेडी फ्रीलोडर’ही त्यातलीच. १९९२ च्या आवृत्तीत तेव्हा सोबत चालू असलेल्या जादा यंत्रावरची टेप घेऊन हा दोष काढला गेला. तीस वर्षांहून अधिक काळ जगाने केलीचा पियानो चढ्या पट्टीत ऐकला होता. बिट वाढवून हा दोष सुटला नसता. त्यासाठी दुसरी टेप जपलेली असावी लागते आणि फरक ओळखणारा कान लागतो.

ब्लू नोट कंपनीच्या रेकॉर्डींबद्दल बोलायचं तर रूडी व्हॅन गेल्डरपासून सुरुवात करावी लागते. हा माणूस व्यवसायाने डोळे तपासणारा. हॅकेन्सॅक गावात आईवडिलांच्या दिवाणखान्यात त्याने ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि १९५९ साली एंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याचे ट्रम्पेट आणि ड्रम अंगावर येतात. पियानो मात्र पुष्कळदा पेटीत कोंडल्यासारखा वाजतो. माझ्या मते ही त्याची उणीवच. मात्र सिल्व्हरसारख्या वादकाला ती मानवली. सिल्व्हरचा डावा हात खालच्या सप्तकात ठोसे दिल्यासारखा चालतो, आणि व्हॅन गेल्डरच्या घट्ट, आखूड पियानोत ते ठोसे जास्तच ठसठशीत होतात. १९५९ च्या ‘ब्लोइन द ब्लूज अवे’मधली ‘सिस्टर सेडी’ ऐका. तो पियानो मोकळा, लांब घुमणारा असता तर त्या तुकड्यातली धडक अर्ध्यावर आली असती.

सॉनी क्लार्कचं तसं नाही. ५ जानेवारी १९५८ ला हॅकेन्सॅकच्या त्या दिवाणखान्यात ‘कूल स्ट्रटिन’ मुद्रित झाला. सोबत आर्ट फार्मर, जॅकी मॅक्लीन, पॉल चेम्बर्स आणि फिली जो जोन्स. क्लार्क त्यानंतर पाच वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला. अमेरिकेत तेव्हा या रेकॉर्डीला फारसं कुणी विचारलं नाही. जपानने तिला डोक्यावर घेतलं. शीर्षक-रचनेतला त्याचा एकल भाग मी वेगवेगळ्या आवृत्त्यांतून शेजारी शेजारी ठेवून ऐकला आहे. त्याच्या उजव्या हाताची ओळ एकेरी, तालाच्या कणभर मागून चालणारी. स्वर सुटे, पण एकाचं टोक पुढच्याला टेकलेलं. व्हॅन गेल्डरने म्हातारपणी स्वतःच केलेल्या डिजिटल आवृत्तीत झांज पुढे येते, सगळंच मोठ्याने वाजतं आणि ते टेकलेलं टोक झाकलं जातं. २०१२ पासून ॲलन योशिदा आणि रॉबिन लिन यांनी ब्लू नोटच्या अनेक टेप नव्याने २४ बिटांत उतरवल्या. त्या पद्धतीच्या संयत आवृत्तीत झांज मागे सरकते, चेम्बर्सच्या बासची तार बोटाखालून सुटलेली कळते आणि क्लार्कचा स्वर विरेपर्यंत सोबत राहतो. मुद्रण करणारा आणि पुन्हा उतरवणारा एकच माणूस असला की आवृत्ती सर्वांत खरी, असं मानण्याची पद्धत आहे. या रेकॉर्डीपुरतं तरी मला ते मान्य नाही. तरुण व्हॅन गेल्डरने जे टेपवर ठेवलं, ते वृद्ध व्हॅन गेल्डरने थोडं बिघडवलं.

रिव्हरसाइड कंपनीचा ध्वनी वेगळा. जानेवारी १९६० मधला ‘धिस हिअर इज बॉबी टिमन्स’ हा त्रिकुटाचा अल्बम. सॅम जोन्सचा बास, जिमी कॉबचे ड्रम. पियानोला इथे श्वास घ्यायला जागा आहे. टिमन्स म्हणजे ज्याच्या ‘मोनिन’ने आर्ट ब्लेकीच्या संचाचं नाव घरोघरी पोचवलं तो. इथे तीच रचना फुंकवाद्यांशिवाय ऐकताना चर्चमधली हाक आणि तिला मिळणारी साद ही दोन्ही कामं त्याचे दोन हात करताना ऐकू येतात. होरेस पार्लनची ‘अस थ्री’ही याच वर्षाची, ब्लू नोटची. लहानपणच्या पोलिओने त्याच्या उजव्या हाताची बोटं अधू झाली होती. त्याने स्वरपुंजांची मांडणीच दोन हातांत वेगळी वाटून घेतली, आणि चांगल्या आवृत्तीत ती वाटणी कानाला दिसते.

श्रोत्याला माहिती न देण्याचं टोक २०२२ साली गाठलं गेलं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी निव्वळ ॲनालॉग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महागड्या रेकॉर्डी काढत असे. त्यातल्या अनेकांत मध्ये एक डिजिटल पायरी आहे, हे उघड झालं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे: इतकी वर्षं कुणाही तज्ज्ञ कानाला ती पायरी ऐकू आली नव्हती. म्हणजे डिजिटल उतरवणी चांगली असू शकते, हे सिद्धच झालं. लपवाछपवी मात्र क्षमेला पात्र नाही. प्रत्येक पुनर्प्रकाशनासोबत टेपची पिढी (म्हणजे ती मूळ की प्रत), उतरवणाऱ्याचं नाव आणि तारीख छापलीच पाहिजे.

मढच्या श्रोत्याला फाइलीचं मोल आणखी एका कारणाने आहे. इथली हवा खारी आणि दमट. जून ते सप्टेंबर रेकॉर्डींच्या कव्हरांना बुरशी धरते, कॅसेटची फीत चिकटते, यंत्राच्या पिना गंजतात. विनाइलची थोरवी सांगणाऱ्यांनी एक पावसाळा वर्सोव्याच्या खाडीपलीकडे काढून पाहावा. ॲपल म्युझिकने २०२१ पासून जादा पैसे न घेता हाय-रेझोल्यूशन देऊ केलं आहे. फक्त ते ब्लूटूथच्या हेडफोनवर ऐकू नका, तिथे ध्वनी पुन्हा आकसून येतो. साधी वायर लावा.

न्यू जर्सीतल्या एका दिवाणखान्यातली झांज मढला इतकी स्वच्छ ऐकू येते. आणि मुंबईचा जॅझ? टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याने ताजही गाजवलं आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तली गाणीही उजळली. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये मुंबईत वाजवून गेले. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. त्या वर्षी सॉनी रॉलिन्स तिथे वाजला. या साऱ्यातलं ऐकायला मिळतं ते थोडं. शंकर-जयकिशन यांचा १९६८ चा ‘रागा-जॅझ स्टाइल’ पुन्हा निघाला ही चांगली गोष्ट. रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोडिन्होचे ड्रम, पियानोवर लुसिला. त्याची प्रतिष्ठा परदेशी संग्राहकांनी आधी ओळखली, याची मला खंत वाटते. चिक चॉकलेटच्या लाखेच्या तबकड्यांना तेवढंही नशीब लाभलेलं नाही.

आपल्याकडच्या पुनर्प्रकाशनातला मोठा दोष म्हणजे अतिरेकी साफसफाई. तीन मिनिटांच्या तबकडीवरची खरखर काढता काढता तानेची धार, तंबोऱ्याची झार आणि संवादिनीचा भाता हे सगळंच पुसून टाकतात. केसरबाई केरकरांचा किंवा बालगंधर्वांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाजतो, आणि वर ‘डिजिटल रीमास्टर्ड’ असा शिक्का. ती खरखर कानाला काही वेळाने सवयीची होते; पुसलेला स्वर परत येत नाही. कोळीगीतांच्या कॅसेटींचं तर त्याहून वाईट. हळदीच्या रात्री बेंजो, ट्रम्पेट आणि ढोलक यांनी जो दणका उडतो, तो कॅसेटीवर आधीच निम्मा झाला होता. आता नेटवर फिरते ती त्या झिजलेल्या कॅसेटीची दाबून लहान केलेली प्रत.

मुंबईतली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही १९९० पासून काम करणारी संस्था आणि असंख्य एकटे संग्राहक यांनी जे जपलं, त्यावरच आपण आज बोलू शकतो. पण बाकीचं सामान अजून घराघरांत आहे. मढ, एरंगळ, वांद्रे, वर्सोवा इथल्या ज्या घरांत कुणी बँडमध्ये वाजवत होतं, तिथे माळ्यावर स्पूल टेप, तबकड्या, कॅसेटी असू शकतात. त्या सापडल्या तर तबकडी स्पिरिटने पुसू नका, लाख त्यात विरघळते. तिच्यावर जुन्या यंत्राची पोलादी सुई टेकवू नका. टेपला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती घरच्या यंत्रावर लावूच नका, जाणकाराकडे न्या. उतरवणी करताना आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहकांचा संकेत २४ बिट आणि शक्यतो ९६,००० नमुन्यांचा आहे. विक्रीच्या फाइलीत जो आकडा जादा वाटतो, तो इथे खरोखर लागतो. वादकांची नावं, साल, ठिकाण जे आठवत असेल ते सोबत लिहून ठेवा. आणि खरखर काढलेली प्रत हवीच असेल तर ती वेगळी करून घ्या, मूळ उतरवणीची फाइल पुसू नका.