दास, दासीपुत्र व वल्हांडण सण : एका नाटकाचें परीक्षण

मॅथ्यू लोपेझ या अमेरिकन नाटककाराचें 'द व्हिपिंग मॅन' हें नाटक 2006 सालीं प्रथम रंगभूमीवर आलें. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत परदेशी नाटकाचें परीक्षण कशास, अशी शंका वाचकांस येईल. तिचें समाधान शेवटीं होईल अशी आशा आहे.

काळ एप्रिल 1865. स्थळ रिचमंड शहरांतील एका यहुदी धन्याचा उद्ध्वस्त वाडा. युद्धांत जखमी होऊन परतलेला धनीपुत्र केलेब आणि कालपर्यंत त्या घरचे गुलाम असलेले वृद्ध सायमन व तरुण जॉन, एवढींच पात्रें. गुलामही धन्याच्याच धर्मांत वाढलेले. केलेबची श्रद्धा युद्धांत नष्ट झाली आहे. सायमनची अढळ आहे.

कालगणनेच्या कसोटीस नाटक उतरतें. जनरल ली याची शरणागति 9 एप्रिलची, वल्हांडण सणाचा प्रारंभ 10 एप्रिलच्या सायंकाळचा, आणि लिंकनचा मृत्यु 15 एप्रिलचा, म्हणजे त्याच सप्ताहांतला. मिसर देशांतील दास्यमुक्तीचें स्मरण व प्रत्यक्ष मुक्ति यांची ही गांठ पंचांगानेंच घातलेली आहे.

नारदस्मृतींत दासांचे पंधरा प्रकार सांगून त्यांपैकीं गृहजात, क्रीत, लब्ध व दायागत हे चार धन्याच्या प्रसादावांचून सुटत नाहींत असें म्हटलें आहे. दासास सोडतांना धनी त्याच्या खांद्यावरील घट फोडतो, मस्तकावर अक्षता व फुलें घातलेलें जल शिंपडतो आणि त्रिवार 'अदास' म्हणतो. मुक्तीचा कर्ता धनीच. या नाटकांत नेमकें उलट घडतें : सणाच्या भोजनविधीचा यजमान सायमन, आणि पाय गमावलेला धनीपुत्र श्रोता. नाटकाचें खरें बळ या प्रसंगांत आहे. आपण यहुदी होतों कीं गुलाम, हा जॉनचा प्रश्न मग टळत नाहीं. कारण स्वजनांस दास करूं नये, परकीयांस करण्यास हरकत नाहीं, असा भेद लेवीय ग्रंथांतच आहे.

दोष उत्तरार्धांत आहे. सायमनची बायको व मुलगी विकल्या गेल्याचें, मुलीच्या पोटीं केलेबचा गर्भ असल्याचें, अशीं गुपितें एकामागून एक फुटतात. रात्र सरत आली म्हणून हरदासानें आख्यान उरकावें, तशी ही घाई वाटते.

विषय मात्र आपणांस परका नाहीं. बेने इस्राएलांसाठीं मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईंत 1846 सालीं शिळाछापावर व पुण्यांत 1874 सालीं छापली गेली. पुण्याच्या प्रतींतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या आहेत. त्याच समाजांत 'गोरे' व 'काळे' असा भेद होता. परजातीय स्त्रीपासून झालेली संतति ती 'काळे', आणि तिच्याशीं बेटीव्यवहार होत नसे. हाइम सामुएल केहिमकर यांच्या 1937 सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत या भेदाची माहिती आहे. इतर मराठी घराण्यांची गोष्ट निराळी नव्हती. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी व बटकी आहेत, आणि त्यांच्या पोटच्या संततीस 'लेकावळा' हा शब्दही आहे. 1843 च्या पांचव्या कायद्यानें दास्यास कायद्याचा आधार उरला नाहीं. पण लेकावळ्यांची वंशावळींतील जागा कोणत्याही कायद्यानें ठरविली नाहीं.

नाटकाच्या शेवटीं सायमन बायको व मुलीच्या शोधास निघतो. असा शोध आपल्याकडेही कोणास घ्यावासा वाटेल. म्हणून संग्राहकांस विनंती, कीं वंशावळीची नक्कल करतांना समासांतील अशा नोंदी घराण्याच्या लौकिकास बाधक समजून गाळूं नयेत.

कोराडी, जि. नागपूर